दमा आणि प्रतिजैविके

दमा असलेल्या व्यक्तीस सर्दी, खोकला वा छातीचा संसर्ग झाला असता प्रतिजैविके, म्हणजेच बोलीभाषेतील अँटिबायोटिक, द्यावीत की नाहीत, हा वैद्यकशास्त्रातील जुना प्रश्न आहे. दम्याच्या नेहमीच्या झटक्यात ती सरसकट देऊ नयेत, संसर्गाचा सबळ पुरावा असेल तरच द्यावीत, अशी ‘ग्लोबल इनिशिएटिव्ह फॉर अ‍ॅस्थमा’ (जिना) या आंतरराष्ट्रीय संस्थेची शिफारस आहे. प्रत्यक्षात मात्र ती वारंवार दिली जातात.

कारणमीमांसा

संसर्गामुळे बळावणाऱ्या दम्यामागे बहुधा विषाणू असतात; त्यांत सर्दीचा ऱ्हायनोव्हायरस प्रमुख होय. प्रतिजैविके जिवाणूंवर परिणाम करतात, विषाणूंवर नाही. झटक्यात श्वासनलिकांना सूज येते आणि त्यांचे स्नायू आकसतात. त्यावरचा उपाय म्हणजे श्वासनलिका रुंद करणारे औषध व सूज उतरवणारे स्टेरॉइड. अनेक रुग्ण स्टेरॉइडच्या पंपाला बिचकतात आणि कॅप्सूल मात्र निर्धास्तपणे घेतात; वस्तुतः दम्यात पंपच मुख्य औषध आहे.

बेडका पिवळा वा हिरवा झाला की जिवाणूंचा संसर्ग झाला, हा समज घट्ट रुजलेला आहे. हा रंग मुख्यतः पांढऱ्या पेशींतील विकरांमुळे येतो आणि विषाणूसंसर्गात, तसेच निव्वळ दम्यातही दिसू शकतो. याउलट जास्त ताप, छातीच्या एका बाजूस दुखणे आणि क्ष-किरण चित्रात डाग अशी न्यूमोनियाची चिन्हे असल्यास प्रतिजैविक अत्यावश्यक ठरते. तेथे विलंब धोक्याचा असतो.

संशोधन

ब्रिटनमधील ‘अ‍ॅझालिया’ चाचणीत (२०१६) झटका आलेल्या प्रौढांना नेहमीच्या उपचारांसोबत अ‍ॅझिथ्रोमायसिन देऊन लाभ आढळला नाही. तपासलेल्या ४,५८२ रुग्णांपैकी केवळ १९९ जणांना चाचणीत घेता आले. २,०४४ जणांना आधीच प्रतिजैविक मिळालेले होते. ही आकडेवारी निष्कर्षाहूनही बोलकी आहे. ऑस्ट्रेलियातील ‘अमेझेस’ चाचणीत (२०१७) पंप घेऊनही दमा आटोक्यात नसलेल्या ४२० प्रौढांवर हेच औषध आठवड्यातून तीनदा, ४८ आठवडे वापरून पाहिले, तेव्हा झटके कमी झाले. हा दीर्घकालीन उपचार निवडक रुग्णांसाठी, तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच करतात. त्यापूर्वी हृदयाचा आलेख काढतात व थुंकीची तपासणी करतात. त्यावरून सर्दीत तीन गोळ्या घेण्याचे समर्थन होत नाही.

सोलापुरातील संदर्भ

चादरी व टॉवेलांसाठी प्रसिद्ध असलेल्या सोलापुरात यंत्रमाग आणि विडी हे मोठे व्यवसाय आहेत. सूतगिरणीत कापूस पिंजण्याच्या विभागांत उडणाऱ्या धुळीमुळे ‘बिसिनोसिस’ हा विकार होतो. साप्ताहिक सुट्टीनंतर कामावर परतल्यावर छाती आवळल्यासारखी वाटणे, हे त्याचे वैशिष्ट्य. मागावरील सुताची धूळ आणि घरोघरी विड्या वळणाऱ्या स्त्रियांच्या श्वासात जाणारी तंबाखूची भुकटी दम्याच्या रुग्णास त्रासदायक ठरते. असा खोकला संसर्गाचा नसल्याने प्रतिजैविकाने हटत नाही. त्यामुळे रुग्णाच्या कामाची चौकशी औषधाच्या निवडीइतकीच महत्त्वाची ठरते.

दोन आठवड्यांहून अधिक टिकणाऱ्या खोकल्यात क्षयरोगाचीही शंका घ्यावी लागते. लेव्होफ्लॉक्सासिनसारखी औषधे क्षयाच्या जंतूंवर अंशतः काम करतात. त्यामुळे रुग्णास तात्पुरता आराम पडतो आणि निदान लांबते. थुंकीची तपासणी शासकीय रुग्णालयांत मोफत होते. सोलापुरात डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय हे प्रमुख शासकीय रुग्णालय आहे.

अन्य धोके व कायदा

दम्यासाठी थिओफिलीनयुक्त गोळ्या भारतात अजूनही वापरल्या जातात. त्यांच्यासोबत सिप्रोफ्लॉक्सासिन वा एरिथ्रोमायसिन घेतल्यास थिओफिलीनचे रक्तातील प्रमाण वाढून उलट्या, धडधड, क्वचित आकडीही येऊ शकते. अनावश्यक वापरामुळे जिवाणूंत औषधरोधही निर्माण होतो.

भारतात प्रतिजैविके डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकण्यास मनाई आहे. १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या ‘एच-१’ अनुसूचीतील औषधांसाठी विक्रेत्याने डॉक्टर व रुग्ण यांची नावे स्वतंत्र नोंदवहीत लिहून ती तीन वर्षे जपणे बंधनकारक आहे.