नांदूर मध्यमेश्वरची वहिवाट

निफाड तालुक्यात जेथे कादवा गोदावरीस मिळते, तेथे विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजी अंमलातील पाटबंधारे खात्याने बंधारा घातला तो कालव्यांसाठी. परंतु दरसालच्या पुराचा गाळ साचून तेथे उथळ पाणथळी व बेटे निर्माण झाली, आणि उत्तरेकडून हिवाळ्यासाठी उतरणाऱ्या चक्रवाक, थापट्या, तलवार बदक आदी पक्ष्यांनी त्या नव्या मुलखात आपली वहिवाट सुरू केली.

ऋतू पालटताच अंगी उठणारी प्रस्थानाची अस्वस्थता निःसंशय उपजत आहे. पण मनुष्याने काल बांधलेल्या जलाशयाचा ठिकाणा कोणत्या वंशपरंपरेतून मिळणार? पर्डेक या डच संशोधकाने साळुंकीच्या कुळातील हजारो स्थलांतरी पक्षी हॉलंडात पकडून स्वित्झर्लंडात सोडले. १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार प्रथमच निघालेले तरुण पक्षी जन्मजात दिशेनेच उडत राहून भलत्या मुलखात पोचले, तर अनुभवी पक्षी दिशा बदलून आपल्या नेहमीच्या हिवाळी प्रदेशाकडे वळले. दिशा रक्तातून येते, मुक्काम मात्र शिकावा लागतो, हे मला या प्रयोगाचे सर्वांत विलक्षण फलित वाटते.

मुक्कामाप्रमाणे निर्भयताही शिकावी लागते; वारंवार दिसूनही अपाय न करणाऱ्या वस्तूचे भय क्रमाने ओसरणे, हे शिक्षणाचे आद्य रूप पशुपक्ष्यांत व मनुष्यांत समानच आहे. बंधाऱ्याशेजारी राहणाऱ्यास पाण्याचा घोष कालांतराने जाणवेनासा होतो. पक्ष्यांच्या या वहिवाटीची दखल पुढे मनुष्यानेही घेतली: १९८६ साली येथे अभयारण्य जाहीर झाले, आणि २०२० साली आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत महाराष्ट्रातील पहिले स्थान याच पाणथळीस मिळाले.