गर्भतपासणीचा कायदा आणि ठाणे-कल्याण परिसर

आनुवंशिक तपासणीच्या गैरवापराचा प्रश्न महाराष्ट्रात कायद्यापुढे आला तो गर्भजल तपासणीमुळे. गर्भाभोवतीचे पाणी सुईने काढून त्यातील पेशींत दोष शोधण्याची ही पद्धत १९७०च्या दशकात भारतात आली. पेशींवरून लिंगही कळते, आणि धंदा चालला तो त्यावरच. आजचा तपासणीचा खर्च आणि उद्याचा हुंडा यांचा हिशेब जाहिराती उघडपणे मांडत. १९८६मध्ये मुंबईतील ५० स्त्रीरोगतज्ज्ञांच्या पाहणीत ४२ जण लिंगनिदानासाठी ही तपासणी करताना आढळले.

स्त्री-संघटना, आरोग्य कार्यकर्ते आणि काही डॉक्टरांनी रान उठवल्यावर १९८८मध्ये राज्याने कायदा केला. देशातला असा पहिलाच. त्याचा अंमल मात्र राज्याच्या हद्दीपुरता होता आणि तेव्हाच्या अखंड ठाणे जिल्ह्याची उत्तर सीमा गुजरातला भिडलेली होती. केंद्राचा कायदा १९९४मध्ये झाला आणि १ जानेवारी १९९६पासून लागू झाला.

तपासणीवर सरसकट बंदी का घातली नाही, याचे उत्तर कल्याणशेजारी मिळते. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना वसवले गेले आणि १९४९मध्ये त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. सिंधी समाजात थॅलेसेमिया या हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक आजाराच्या वाहकांचे प्रमाण बरेच आहे. आईवडील दोघेही वाहक असतील तर दर गरोदरपणात मुलाला तीव्र आजार होण्याची शक्यता चारात एक असते, आणि अशा मुलाला आयुष्यभर ठरावीक दिवसांनी रक्त चढवावे लागते. या कुटुंबांना गर्भतपासणी हवीच होती. म्हणून कायद्याने ज्या कारणांसाठी तपासणीला मुभा दिली, त्यांत हिमोग्लोबिनचे आजार स्पष्टपणे नोंदवले. सुई तीच, वैध-अवैध ठरते ते कारणावरून.

पण कारण तपासणार कोण? पहिली काही वर्षे कायदा जवळजवळ कागदावरच राहिला. तोवर गर्भजल तपासणी मागे पडून सोनोग्राफी गल्लोगल्ली पोचली होती. सेहत, मासूम या संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २००१मध्ये सरकारांना अंमलबजावणीचे आदेश दिले. २००३च्या दुरुस्तीने गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही बेकायदा ठरली. महापालिका हद्दीत केंद्रांची नोंदणी, झडती आणि यंत्र सील करणे ही कामे आरोग्य अधिकाऱ्याकडे आली. ठाणे महापालिका १९८२ची, कल्याण-डोंबिवलीची १९८३ची. मूळच्या साथरोग आणि लसीकरणाच्या कामाबरोबर त्यांच्या आरोग्य खात्यांना हे नवे काम मिळाले.

या कामाचा कणा म्हणजे फॉर्म एफ. गरोदर बाईचे नाव, वय, आधीची मुले किती आणि कोणती, तपासणीचे कारण, डॉक्टरची सही आणि गर्भाचे लिंग जाणून घ्यायचे नसल्याचे तिचे स्वतःचे निवेदन, असा हा कागद. अशा सर्व फॉर्मचा अहवाल दर महिन्याच्या पाच तारखेपर्यंत पाठवायचा. नोंदीतली त्रुटी हाच गुन्हा धरला जातो, ही डॉक्टरांची जुनी तक्रार. सर्वोच्च न्यायालयाने २०१९मध्ये ती फेटाळली. बंद खोलीतल्या एका इशाऱ्याचा पुरावा मिळणार नसेल, तर कागदच धरावा लागतो. कायदा असूनही सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे राज्यातील मुलींची संख्या १९९१मध्ये ९४६ होती, ती २००१मध्ये ९१३ आणि २०११मध्ये ८९४ झाली.

पुढचे तंत्र जनुक-संपादनाचे. २०१८मध्ये चीनमध्ये हे जियानकुई या शास्त्रज्ञांनी भ्रूणांची जनुके बदलून मुली जन्माला आणल्याचे जाहीर केले; त्यांना तुरुंगवास झाला. २०२३मध्ये ब्रिटनने थॅलेसेमिया आणि सिकलसेलवर याच तंत्राच्या उपचाराला मान्यता दिली. त्यात रुग्णाच्या रक्ताच्या मूळ पेशी बदलतात. बदल पुढच्या पिढीत जात नाही. भारतात पुढच्या पिढीत जाणाऱ्या जनुकोपचाराला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) मार्गदर्शक तत्त्वांची मनाई आहे, तर २०२१च्या सहायक प्रजनन कायद्याने भ्रूणाची जनुकीय चाचणी आनुवंशिक आजारांपुरती मर्यादित केली आहे. मार्गदर्शक तत्त्वे म्हणजे कायदा नव्हे. सोनोग्राफीचे यंत्र सील करणाऱ्या आरोग्य अधिकाऱ्याला त्यांच्या आधारे प्रयोगशाळेला टाळे लावता येत नाही.