गळ्याचे वय

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात लंडनच्या न्यू बाँड स्ट्रीटवर मिसेस एलिनॉर अडेअर यांचे सौंदर्यगृह होते. पुढे पॅरिसला आणि न्यूयॉर्कलाही त्याच्या शाखा निघाल्या. बाईंच्या मालावरचे नाव वाचून मराठी माणसाने दचकावे : ‘गणेश’. गणेश तेल, गणेश मलम, आणि या सगळ्यांत प्रसिद्ध ‘गणेश चिन स्ट्रॅप’, म्हणजे हनुवटीखालून घेऊन डोक्यावर आवळायचा पट्टा. तो बांधून झोपले की ओघळलेली हनुवटी आणि सैल पडलेला गळा जागेवर येतो, असा दावा होता. आपल्याकडे हनुवटीखालून डोक्यावर फडके बांधतात ते गालगुंड झाल्यावर, नाहीतर माणूस गेल्यावर. हे फडके लंडनच्या श्रीमंत बायका हौसेने विकत घेत होत्या.

नावामागे पूर्वेकडच्या गूढ विद्येचे वलय उभे करण्याचा व्यापारी बेत होता, हे उघड आहे. पण त्यातली गंमत बाईंच्या लक्षात आली असेल असे वाटत नाही. ज्या देवाच्या मानेवर पुराणातली सर्वांत मोठी शस्त्रक्रिया झाली, त्याचेच नाव त्यांनी शस्त्राविना गळा नीट करणाऱ्या पट्ट्याला दिले.

पट्ट्याच्या जोडीला सौंदर्यगृहात गळ्यावर आणि गालांवर थापट्या मारण्याचा उपचार असे. न्यूयॉर्कच्या शाखेत 1908च्या सुमारास कॅनडाहून आलेली फ्लॉरेन्स नाइटिंगेल ग्रॅहॅम नावाची तरुणी हा उपचार शिकली. 1910 साली तिने फिफ्थ ॲव्हेन्यूवर स्वतःचे दुकान थाटले आणि स्वतःचे नाव एलिझाबेथ आर्डेन असे करून घेतले. पुढच्या काळात आर्डेनच्या मालातही हनुवटीचा पट्टा होता आणि हनुवटीखाली थापट्या मारायचे दांडीचे साधनही होते. शंभर वर्षांच्या एका मोठ्या धंद्याची एक मुळी अशी त्या गणेश पट्ट्यापाशी जाते.

पट्ट्याने काही होत असे का? बांधलेला असेपर्यंत होत असे. सोडला की गळा पुन्हा आपल्या जागी. याचे कारण गळ्याच्या घडणीत आहे. छातीच्या वरच्या भागापासून जबड्यापर्यंत कातडीच्या लगेच खाली एक रुंद, पातळ स्नायू पसरलेला असतो. त्याचे नाव प्लॅटिस्मा. तो हाडाला नव्हे, तर मुख्यतः कातडीला धरून असतो. बैल पाठीवर बसलेली माशी उडवताना नुसती कातडी थरथरवतो. ती करामत करणाऱ्या स्नायूचा आपल्या वाट्याला आलेला हा अवशेष, असे शरीरशास्त्रज्ञ मानतात. फ्रेंच वैद्य द्युशेन याने त्याला भीतीचा स्नायू म्हटले होते. डार्विनने 1872 सालच्या भावनांवरील ग्रंथात त्यावर बराच खल केला आणि शंकाही घेतल्या. वय वाढते तसा हा पडदा मधोमध फाकतो आणि त्याच्या कडा दोऱ्यांसारख्या उभ्या राहतात. वरची कातडी चेहऱ्यापेक्षा पातळ, तिच्यात तैलग्रंथी कमी. हनुवटीखाली चरबीची वळी. म्हणजे म्हाताऱ्या गळ्यात तीन निरनिराळ्या गोष्टी एकाच वेळी घडत असतात : कातडी, स्नायू आणि चरबी. एकाचे औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. शिवाय या सगळ्याच्या लगेच मागे गिळण्याचे आणि बोलण्याचे स्नायू आहेत. गळा उपचारांना दाद देत नाही तो यामुळे, आणि उपचार बिघडला की महागात पडतो तोही यामुळेच.

झाकणे हा उपाय अर्थातच सर्वांत जुना. इंग्लंडच्या राणी अलेक्झांड्राने गळाबंद मोत्यांच्या माळांची फॅशन आणली, ती मानेवरचा लहानपणचा व्रण झाकण्यासाठी, असे सांगितले जाते. आपली चिंचपेटी किंवा ठुशी तशा हेतूने घडवली गेली नसेल, पण साठीच्या बाईच्या गळ्यावर ती जे काम करते ते कुठल्याही सोनाराला ठाऊक असते.

चाकू न लावता, पण कातडीच्या आत शिरून करायच्या उपायांचा आरंभ मात्र व्हिएन्नात झाला. 1899 साली रोबेर्ट गेर्सुनी या शल्यवैद्याने क्षयामुळे अंडकोष काढाव्या लागलेल्या एका तरुणाच्या शरीरात व्हॅसलीन टोचून रिकामी जागा भरून काढली. प्रयोग जमला. मग व्हॅसलीनऐवजी पॅराफिन, म्हणजे मेणबत्तीचे मेण, पातळ करून सुईने चेहऱ्यांत भरले जाऊ लागले. बसकी नाके, खड्डे, सुरकुत्या, सगळ्याला एकच औषध. ना चीर, ना टाका. काही वर्षांतच त्याचे दुसरे रूप दिसू लागले. मेण टोचल्या जागी राहत नसे. ते सरके, कधी त्याभोवती कठीण गाठी धरत, त्या कातडीला चिकटत, आणि मग काढायला गेले तर कातडीही जाई.

ग्लॅडिस डीकन या अमेरिकन सुंदरीची गोष्ट इथे टाळता येत नाही. 1881 साली पॅरिसमध्ये जन्मलेल्या या मुलीच्या रूपाने आणि बुद्धीने युरोपातले लेखक-चित्रकार भारून गेले होते. ग्रीक पुतळ्यासारखी कपाळापासून सरळ उतरणारी नाकाची रेघ आपल्याला हवी, म्हणून विशीच्या आरंभीच तिने नाकाच्या मुळाशी मेण टोचून घेतले. ते हळूहळू खाली उतरले, हनुवटीपर्यंत. ऐन तारुण्यात चेहऱ्याच्या खालच्या भागाचा आकार कायमचा बिघडला. 1921 साली ती मार्लबरोच्या ड्यूकची पत्नी झाली. ब्लेनम राजवाड्याच्या देवडीच्या छतावर 1928 साली तिचे डोळे रंगवून घेतले, ते आजही तिथे आहेत. निळे, मोठे, खाली येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे पाहणारे. रंगवायला डोळेच निवडले, यात मला तरी योगायोग दिसत नाही. ती 1977 पर्यंत जगली, म्हणजे मेण टोचल्यावर सत्तरहून अधिक वर्षे.

मेण मागे पडले तसे रेडियम पुढे आले. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस लंडनच्या ‘रेडिऑर’ कंपनीच्या प्रसाधनांत रेडियमयुक्त हनुवटीचा पट्टाही होता. अडेअरबाईंचाच पट्टा, फक्त देवाच्या जागी विज्ञान आले. रेडियम तेव्हा इतके महाग होते की गिऱ्हाइकाच्या हाती त्यातले फारसे काही लागत नसावे, आणि तेच तिचे नशीब. कारण त्याच सुमारास अमेरिकेतल्या कारखान्यांत घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियमचा रंग लावणाऱ्या मुली कुंचल्याला टोक आणण्यासाठी तो ओठांत धरत होत्या. त्यांचे जबडे कुजले. जबड्यासाठी विकली जाणारी वस्तू दुसऱ्या कुणाचा जबडा खात होती.

हे ‘दुसरे कुणी’ या इतिहासात पुनःपुन्हा भेटते. सर्वांत ठळकपणे भेटते ते आज सर्वांत प्रतिष्ठित असलेल्या उपायाच्या मागे.

गळ्याची कातडी वयाने जितकी पिकते त्याहून अधिक उन्हाने पिकते. अशील सिवात या फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञाने 1923 साली गळ्याच्या दोन्ही बाजूंना येणाऱ्या लालसर-तपकिरी जाळीदार डागांचे वर्णन केले. त्यातली खूण अशी की हनुवटीच्या सावलीतला तुकडा मात्र स्वच्छ राहतो. एकाच माणसाच्या एकाच गळ्यावर, बोटभर अंतरावर, दोन वयांची कातडी. सूर्याने केलेले नुकसान काही प्रमाणात परतवता येते, हे पुढे ज्या औषधाने दाखवले ते ट्रेटिनॉइन, म्हणजे अ-जीवनसत्त्वाच्या कुळातले आम्ल. 1971 साली अमेरिकेत ते मुरुमांसाठी मान्य झाले. मोठ्या वयाच्या बायका मुरुमांसाठी ते लावत, त्या सुरकुत्याही कमी झाल्याचे सांगू लागल्या. 1986 साली फिलाडेल्फियाच्या आल्बर्ट क्लिगमन यांनी आणि सहकाऱ्यांनी त्यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. 1995च्या अखेरीस उन्हाने जून झालेल्या कातडीसाठीही औषधाला मान्यता मिळाली. आज गळ्यासाठी मलम लिहून देणारा पुण्या-मुंबईचा त्वचारोगतज्ज्ञ बहुधा याच कुळातले काही देतो. गळा चटकन चुरचुरतो म्हणून चेहऱ्यापेक्षा बेताने लावायला सांगतो.

क्लिगमन यांची प्रयोगशाळा मात्र विद्यापीठापुरती नव्हती. 1951 ते 1974 अशी तेवीस वर्षे त्यांनी फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगातील कैद्यांच्या पाठींवर आणि दंडांवर प्रयोग केले. मुरुमांच्या औषधाच्या चाचण्या तिथेच झाल्या. त्याखेरीज साबणांपासून डायऑक्सिनसारख्या विषापर्यंत निरनिराळ्या कंपन्यांनी पैसे दिलेले पदार्थ त्याच कातड्यांवर लावले गेले. कैदी बहुसंख्य कृष्णवर्णीय. अनेकांवर खटलाही उभा राहिलेला नव्हता, जामिनाचे पैसे नव्हते म्हणून ते आत होते. त्यांना थोडे डॉलर मिळत आणि अंगावर काय लावले जाते आहे हे नीट कळत नसे. ॲलन हॉर्नब्लम यांनी 1998 साली या प्रकरणावर पुस्तक लिहिले, त्याचे नाव ‘एकर्स ऑफ स्किन’. एकरच्या एकर कातडी. तुरुंगात प्रथम शिरताना आपल्याला काय दिसले ते सांगताना क्लिगमन यांनीच वापरलेले हे शब्द. पुढे कैद्यांनी केलेला दावा मुदत उलटल्याच्या कारणाने टिकला नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेने 2021 साली आणि शहराने 2022 साली माफी मागितली. तोवर प्रयोगाला सापडलेल्यांपैकी बरेचजण हयात नव्हते. औषध खरे आहे, गुणकारी आहे, आणि त्याची जन्मकथा ही आहे. दोन्ही एकाच दमात सांगितले पाहिजे.

स्नायूवरचा उपाय एका कवीपाशी सुरू होतो. युस्टिनस केर्नर हा जर्मन स्वच्छंदतावादी कवी पेशाने वैद्य होता. त्याच्या भागात खराब सॉसेज खाऊन माणसे मरत. त्याने रुग्णांची बारकाईने नोंद केली : तोंड कोरडे पडते, पापण्या मिटतात, गिळता येत नाही, आणि मन शेवटपर्यंत जागे असते. विषाचा अर्क त्याने स्वतःवरही घेऊन पाहिला, आणि 1822 साली सुचवले की अतिरिक्त हालचाल करणाऱ्या मज्जांना शांत करायला हेच विष अल्प मात्रेत औषध ठरू शकेल. 1895 साली बेल्जियममधल्या एका खेड्यात अंत्ययात्रेनंतर हॅम खाऊन बँडवाले आजारी पडले, तिघे मेले. त्यावरून एमिल व्हान एर्मेंगेम याने विष तयार करणारा जंतू शोधला. केर्नरची सूचना अमलात यायला दीडशे वर्षे लागली. सॅन फ्रान्सिस्कोच्या ॲलन स्कॉट यांनी तिरळ्या डोळ्यांसाठी ते वापरले, 1989 साली मान्यता मिळाली. पापण्या फडफडण्याच्या विकारावर हेच औषध देणाऱ्या व्हँकुव्हरच्या डॉक्टर जीन कॅरुथर्स यांच्या ध्यानात आले की कपाळाच्या आठ्याही जातात. बोटॉक्स हे नाव पुढे घरोघर गेले ते त्यामुळे.

गळ्यावरच्या दोऱ्यांत आणि जबड्याच्या कडेने हे विष टोचण्याच्या एका पद्धतीला 2007 साली ‘नेफर्टिटी लिफ्ट’ असे नाव मिळाले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने गळ्यावरच्या या दोऱ्यांसाठी रीतसर मान्यता दिली ती 2024च्या ऑक्टोबरात. परिणाम काही महिन्यांचा. मात्रा वा जागा चुकली तर गिळताना त्रास. केर्नरच्या यादीतले तेच लक्षण.

नेफर्टिटी का, तर बर्लिनच्या संग्रहालयातला तिचा तो लांब, रेखीव गळ्याचा अर्धपुतळा. 1912च्या डिसेंबरात अमार्नामध्ये थुतमोस या शिल्पकाराच्या कार्यशाळेच्या जागी तो सापडला. बर्लिनच्या डॉक्टरांनी या राणीची सीटी स्कॅन तपासणी केली आणि 2009 साली निष्कर्ष छापले. वरच्या गिलाव्याखाली चुनखडीचा दुसरा चेहरा आहे. त्याच्या ओठांच्या कोपऱ्यांशी आणि गालांवर सुरकुत्या आहेत, गालफडे कमी उंच आहेत, नाकावर किंचित उंचवटा आहे. शिल्पकाराने गिलावा चढवताना हे सगळे सारखे केले. जिच्यासारखे दिसावे म्हणून आज सुया टोचून घेतल्या जातात तिच्यावरही शस्त्राविना उपचार झाले होते, तेहेतीसशे वर्षांपूर्वी.

उरली चरबी. ती विरघळवणारे इंजेक्शन 2015च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत मान्य झाले. त्यातले द्रव्य डिऑक्सिकोलिक आम्ल, पित्तातले. आधी ब्राझील वगैरे देशांत चरबीवर दुसरेच एक द्रव्य टोचत आणि हे आम्ल केवळ ते विरघळवण्यासाठी मिसळत. काम करणारे हेच, दुसरे नुसते सोबतीला, हे मागाहून कळले. थंडीने चरबी मारण्याची कल्पना त्याहून मजेची. आइसफ्रूट चघळणाऱ्या लहान मुलांच्या गालांत ती वस्तू टेकते तिथली चरबी सुजून विरते, अशी नोंद 1970 साली वैद्यकीय नियतकालिकात आली होती. बॉस्टनच्या दोन डॉक्टरांनी पुढे त्यावरून यंत्र बनवले. कातडी शाबूत, खालची चरबी गारठून मरते. तेही 2015 साली हनुवटीखाली वापरायला मोकळे झाले.

थोड्या जणांच्या बाबतीत उलटे होते. मरायच्या पेशी वाढतात, गोठवलेल्या जागेच्या आकाराची घट्ट गाठ उभी राहते आणि मग चाकूशिवाय गत्यंतर नसते. नव्वदच्या दशकातली जगप्रसिद्ध मॉडेल लिंडा इव्हँजेलिस्टा हिने 2021च्या सप्टेंबरात जाहीर केले की हे आपल्या बाबतीत घडले, हनुवटीच्या भागातही, आणि म्हणून आपण पाच वर्षे लोकांसमोर आलो नाही. दावा दाखल झाला, 2022 साली तडजोड झाली. त्याच वर्षी ब्रिटिश ‘व्होग’च्या सप्टेंबरच्या अंकाच्या मुखपृष्ठावर ती पुन्हा दिसली. डोक्याला घट्ट रुमाल, चेहरा नितळ, जबड्याची रेघ स्वच्छ. आतल्या मुलाखतीत तिने सांगून टाकले की प्रत्यक्षात आपण अशा दिसत नाही : रंगभूषाकार पॅट मॅकग्रा यांनी छायाचित्रांपुरता तिचा चेहरा, जबडा आणि मान मागे ओढून चिकटपट्ट्यांनी आणि इलॅस्टिकने रुमालाखाली बांधली होती.