छोटी गाडी, मोठा दम
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यात हसनाबाद नावाचं गाव आहे. तिथून मी रोज सकाळी नोकरीसाठी जालन्याला जातो आणि दिवेलागणीला परततो. हा प्रवास गेली काही वर्षं फोक्सवॅगन पोलोतून चालू आहे. गाडी २०१४ सालची, पुण्याहून जुनी घेतलेली, नावापुढे जीटी टीएसआय अशी अक्षरं. लांबी चार मीटरच्या आत, इंजिन १,१९७ सीसीचं, म्हणजे कुठल्याही साध्या घरगुती गाडीएवढंच. पण त्याला टर्बो आहे. धुराड्यातून जाणाऱ्या गरम वायूवर एक चिमुकला पंखा फिरतो आणि तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. त्यामुळे ताकद १०५ अश्वशक्तीपर्यंत जाते. बाहेरून पाहणाऱ्याला यातलं काही दिसत नाही.

अशा गाड्यांना जगभर ‘हॉट हॅच’ म्हणतात. डिकीची वेगळी शेपटी नसलेली, मागचं दार वर उघडणारी छोटी गाडी म्हणजे हॅचबॅक. तिच्यात दांडगं इंजिन घातलं की ती ‘हॉट’. युरोपातले दर्दी माझ्या गाडीला फार तर कोमट म्हणतील. म्हणोत बापडे.

गावात प्रश्न वेगळाच विचारला जातो. ‘‘सर, येवढ्या पैशात बोलेरो आली असती की!’’ हा प्रश्न चुकीचा नाही. नाशिकला बनणारी बोलेरो २००० साली आली आणि आमच्याकडच्या रस्त्यांना, माणसांना, लग्नाच्या वऱ्हाडाला ती चपखल बसली. उंच गाडी म्हणजे इभ्रत. मग बुटकी आणि वेगवान गाडी कुणाला हवी असते, आणि ती जन्माला तरी का आली? उत्तरासाठी थोडं मागं जावं लागतं.

गंमत अशी की या गाड्यांच्या मुळाशी पेट्रोलची चैन नाही, टंचाई आहे. १९५६ साली सुएझ कालव्याचा पेच उभा राहिला, इंग्लंडात पेट्रोलचं रेशनिंग झालं आणि त्यातून ॲलेक इसिगोनिस यांनी बेतलेली मिनी १९५९ साली रस्त्यावर आली. इंजिन आडवं, चाकं चारही कोपऱ्यांत. काटकसरीची ही गाडी वळणावर फार चपळ निघाली. जॉन कूपर यांनी ते ओळखलं, १९६१ साली मिनी कूपर आली, आणि १९६४, ६५ व ६७ साली मिनीने मोंटे कार्लोची शर्यत जिंकून मोठमोठ्या गाड्यांना खाली पाहायला लावलं. पुढे १९७३ साली तेलाचे भाव भडकले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९७५च्या फ्रँकफर्ट प्रदर्शनात फोक्सवॅगनने गोल्फ जीटीआय मांडली. ११० अश्वशक्ती, वजन ८०० किलोच्या आसपास, आसनांवर चौकड्यांचं कापड आणि गिअरच्या दांड्यावर गोल्फच्या चेंडूची मूठ. कंपनीतल्या काही इंजिनिअरांनी आधी हा खटाटोप गुपचूप केला होता. पाच हजार गाड्या खपल्या तरी पुष्कळ, असा हिशेब होता. पहिल्याच पिढीच्या साडेचार लाखांहून अधिक गाड्या विकल्या गेल्या. सोमवार ते शनिवार कचेरी, रविवारी घाटातली मजा, आणि दोन्हींना मिळून गाडी एकच, हे त्या गाडीचं मर्म.

त्याच १९७५ साली आपल्याकडे काय होतं? मराठवाड्यात मोटारीचा वेग म्हणजे एसटीचं वेळापत्रक. आमचा मुलूख निजामाच्या राज्यात होता तेव्हा, १९३२ साली, निजामाच्या रेल्वेने २७ बसगाड्यांनिशी सरकारी बससेवा सुरू केली. खासगी मोटार ही बागायतदार, डॉक्टर, वकील यांच्या दारातली वस्तू. ती बहुधा मुंबईत कुर्ल्याला बनलेली असे. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमिअर ऑटोमोबाइल्स काढली, १९५४ पासून तिथे फियाट ११०० तयार होऊ लागली आणि तीच पुढे पद्मिनी झाली. सरकार उत्पादनाचा आकडा ठरवून देई आणि गिऱ्हाईक वर्षानुवर्षं नंबर लावून बसे. मिळाली हेच नशीब, तिथे वेगाची हौस कोण करणार? १९८३ साली मारुती ८०० आली तेव्हा तिच्या हलकेपणाची लोकांना चटक लागली, एवढं खरं.

तरुणांची ती हौस दुचाकीने भागवली. वाळूजला १९८५ पासून बजाजचा कारखाना आहे, तो आमच्या भागातल्या कितीतरी घरांची चूल पेटवतो. बजाजची पल्सर २००१ साली आली आणि खेड्यातल्या पोरांना वेग परवडू लागला.

त्याच २००१ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट पॅलिओ बाहेर पडली. तिची १.६ लिटरची आवृत्ती १०० अश्वशक्तीची होती. सर्वसामान्याच्या आटोक्यातली आपल्याकडची पहिली खरी ‘हॉट हॅच’ मी तिलाच मानतो. जाहिरातीत सचिन तेंडुलकर. त्याच्या नावाने ‘एस १०’ ही खास आवृत्तीही निघाली. गाडी भक्कम, दार लावलं की तिजोरीसारखा आवाज. पण पेट्रोल पिते अशी तिची ख्याती झाली, आणि आपल्या बाजारात त्या एका वाक्यावर गाडीचा निकाल लागतो.

आमच्या अंगणातलीही एक गोष्ट सांगतो. जालना रस्त्यावर शेंद्र्याला २००१ पासून स्कोडाचा कारखाना आहे. तिथे जोडल्या जाणाऱ्या ऑक्टाव्हियाची आरएस ही १५० अश्वशक्तीची टर्बो पेट्रोल आवृत्ती २००४ साली भारतात आली. दिसायला सेडान, पण मागची काच दारासकट वर उघडणारी. त्या काळात टर्बो म्हणजे डिझेल, असंच आपल्याकडे समीकरण होतं. ती गाडी श्रीमंतांचीच राहिली, हे वेगळं सांगायला नको.

खरा फिरवणारा क्षण मात्र कुठल्या कारखान्यात आला नाही, संसदेत आला. २००६च्या अर्थसंकल्पात पी. चिदंबरम यांनी छोट्या गाड्यांवरचं अबकारी शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणलं. छोटी कशाला म्हणायचं तेही ठरवून दिलं: लांबी चार मीटरपर्यंत, पेट्रोल इंजिन १,२०० सीसीपर्यंत, डिझेल १,५०० सीसीपर्यंत. त्या दिवशी पॅलिओ १.६ सारख्या गाडीची वाट बिकट झाली. छोट्या गाडीत मोठं इंजिन घालणं म्हणजे आपण होऊन जादा कर ओढवून घेणं. पुढे मारुतीनेही स्विफ्टचं १.३ लिटरचं पेट्रोल इंजिन काढून १.२ लिटरचं बसवलं, ते याच रेषेच्या आत येण्यासाठी. कराचा हेतू गैर होता असं मी म्हणणार नाही. गर्दीच्या देशात लहान गाडीला सवलत मिळावीच. पण करपट्टीने सेंटिमीटर आणि सीसी मोजले, गाडीची प्रकृती कशी मोजणार?

या अटीतून निघालेली पळवाट म्हणजे माझी पोलो. चाकणच्या कारखान्यात बनलेली जीटी टीएसआय एप्रिल २०१३ मध्ये आली. सीसी १,२००च्या आत, पण टर्बोमुळे दम १.६ लिटरच्या इंजिनाचा. कायदा पाळून हौस भागवण्याचा हा मार्ग पुढे बऱ्याच कंपन्यांनी धरला. २०१५ साली रांजणगावच्या फियाटने १४५ अश्वशक्तीची अबार्थ पुंटो दहा लाखांच्या आत दिली. तिचं इंजिन १,३६८ सीसीचं, म्हणजे रेषेच्या बाहेर. तिच्यासारखी दुसरी आपल्याकडे झाली नाही. पुंटोचं उत्पादन २०१९च्या आगेमागे थांबलं, पोलोचं २०२२ साली.

आता रोजच्या वापराबद्दल. आमची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आटून भेगाळते. तिच्यावरचा डांबरी रस्ता काही वर्षांत लाटांसारखा होतो. बोलेरोवाल्याला ती लाट कळत नाही; मला प्रत्येक लाट मणक्याला कळते. गाडीच्या पोटाखाली १६८ मिलिमीटर जागा, त्यामुळे गावातले उंच गतिरोधक तिरपे घेऊन ओलांडायचे. एका पावसाळ्यात पाण्याने भरलेल्या खड्ड्यात पुढच्या टायरला फुगा आला. तेव्हापासून पाणी दिसलं की वेग कमी. बाजाराच्या दिवशी रांगेत अडकलो की गिअर न्यूट्रलला टाकून हँडब्रेक ओढतो, कारण दोन क्लचच्या या गिअरबॉक्सला इंच इंच सरकणं मानवत नाही. पेट्रोल हलक्या पायाने चालवलं तर लिटरला पंधरा किलोमीटर, तापट पायाने दहा.

मग मिळतं काय? मागची सीट पाडली की मोसंबीचे क्रेट आणि खताच्या गोण्या बसतात. हॅचबॅकचा हा गुण लोक विसरतात. आणि दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर ओलांडताना जो काळ आपण समोरच्या लेनमध्ये उघड्यावर असतो, तो निम्म्यावर येतो. टर्बोचा जोर १,५०० फेऱ्यांपासूनच मिळतो, इंजिन ओरडावं लागत नाही. दिवसातून अशी चार-पाच ओलांडणी, प्रत्येकी काही सेकंदांची. बाकी सगळा वेळ ही वेगवान गाडी साठाच्या वेगाने शहाण्यासारखी चालते, कारण अंधार पडला की मागे दिवा नसलेली बैलगाडी कुठेही असू शकते. समृद्धी महामार्गावर ताशी १२०ची मुभा आहे, तिथेही मी महिन्यातून एखादवेळी जातो.

वेगाबरोबर सुरक्षिततेचंही सांगायला हवं. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने आपल्याकडच्या पाच छोट्या गाड्या आदळून पाहिल्या. एअरबॅग नसलेल्या त्या पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले, पोलोलासुद्धा. दोन एअरबॅगच्या पोलोला मात्र चार, आणि कंपनीने एअरबॅग नसलेली गाडी विकणंच थांबवलं. भारतीय गिऱ्हाईक पत्र्याची जाडी बोटाने वाजवून पाहायचं, ते तेव्हापासून तारे विचारू लागलं.

त्यानंतर या जातीच्या गाड्या थोड्याच आल्या. २०२१ साली ह्युंदाईची आय २० एन लाइन, २०२४ साली टाटांची अल्ट्रोझ रेसर, दोन्ही १२० अश्वशक्तीच्या. बाजार तोवर उंच गाड्यांकडे वळला होता. सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्के झाला, पण छोटीची व्याख्या तीच: चार मीटर, १,२०० सीसी. आणि सगळ्यांची थोरली, गोल्फ जीटीआय, २०२५ साली प्रथमच भारतात अधिकृतपणे विकायला आली ती आयात होऊन, सुमारे ५३ लाखांना.

माझ्या पोलोच्या नोंदणीला २०२९ साली पंधरा वर्षं होतील. मग आरटीओत तपासणी, शुल्क आणि पुढच्या पाच वर्षांसाठी फेरनोंदणी. टायर एकदा बदलावे लागतील, शॉकअब्सॉर्बरही. त्यासाठीचे पैसे मी वेगळे टाकायला लागलो आहे.