बासच्या गळावरचे प्लॅस्टिकचे गांडूळ

मोठ्या तोंडाचा बास हा उत्तर अमेरिकेच्या पूर्व आणि मध्य भागातल्या नद्या, तळी आणि दलदलींचा मूळ रहिवासी. नाव बास असले तरी समुद्रातल्या बासांशी त्याचे जवळचे नाते नाही. तो सनफिश कुळातला. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ लासेपेद याने १८०२ साली त्याची शास्त्रीय नोंद केली. हा मासा पाठलाग कमी करतो आणि दबा जास्त धरतो. बुडालेला ओंडका, पाणवनस्पतींची कड, धक्क्याखालची सावली अशा आडोशाला तो थांबतो आणि भक्ष्य टप्प्यात आले की तोंड उघडून पाण्यासकट आत ओढतो. ओढलेली वस्तू टणक लागली तर तितक्याच वेगाने ती थुंकून टाकतो. मऊ प्लॅस्टिकच्या गांडुळाचा सारा इतिहास या दोन सवयींनी घडवला आहे. मासा अडचणीच्या जागी राहतो, आणि तोंडात काय आले याची परीक्षा लगेच घेतो.

या माशाला शौकिनांमध्ये मान मिळाला तो १९व्या शतकाच्या उत्तरार्धात. डॉ. जेम्स हेन्शल यांनी १८८१ साली काळ्या बासवर, म्हणजे हा मासा ज्या गटात मोडतो त्यावर, स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि ट्राउटच्या पंक्तीत त्याला बसवले. त्या काळातली आमिषे म्हणजे लाकडाचे रंगवलेले मासे, पत्र्याच्या चकत्या, पिसांचे कीटक, नाहीतर जिवंत बेडूक, मासोळ्या आणि गांडुळे. जिवंत गांडूळ प्रभावी, पण फेकताना गळावरून निसटते, छोटे मासे ते कुरतडून नेतात, आणि उन्हात डब्यातल्या डब्यात मरते. रबराची गांडुळे करण्याचे प्रयत्न झाले होते. मात्र गंधक मिसळून पक्के केलेले रबर टिकाऊ होते, ते मऊ राहत नाही. पाण्यात ते काडीसारखे सरळ पडे, आणि मासा ते चावताच सोडून देई.

हवे होते ते द्रव्य ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन शहरात तयार झाले. अ‍ॅक्रन ही तेव्हा रबराची राजधानी होती. गुडरिच कंपनी १८७० साली तेथे आली, १८९८ मध्ये गुडइयर आणि १९०० मध्ये फायरस्टोन सुरू झाली. गुडरिचमधले रसायनशास्त्रज्ञ वॉल्डो सीमन यांनी १९२६ साली पॉलिव्हिनिल क्लोराइड, म्हणजे आजचे पीव्हीसी, उकळबिंदू जास्त असलेल्या द्रवांत तापवून पाहिले. धातूला रबर चिकटवण्याचा गोंद शोधता शोधता त्यांच्या हाती लवचिक, जेलीसारखा पदार्थ लागला. पीव्हीसी १८७२ पासून ठाऊक होते, पण ठिसूळ म्हणून निरुपयोगी ठरले होते; सीमन यांनी त्याला मऊपणा दिला. रेनकोट, विजेच्या तारांची वेष्टणे, न्हाणीघराचे पडदे या सगळ्यांत ते गेले. मासे गरवणाऱ्यांच्या पेटीत ते पोहोचायला आणखी दोन दशके लागली.

निक क्रीम हे अ‍ॅक्रनमधले यंत्रकामगार आणि हाडाचे गरवणारे. १९४९ साली त्यांनी पत्नी कॉस्मा यांच्यासह घरच्या स्वयंपाकघरात व्हिनिल, तेले आणि रंग शेगडीवर शिजवून साच्यात ओतायला सुरुवात केली. साचा खऱ्या गांडुळावरून घेतलेला होता. अंगावरच्या वळ्यासुद्धा त्यात उतरल्या. १९५१ मध्ये ‘विगल वर्म’ या नावाने हे गांडूळ टपालाने विकले जाऊ लागले, १ डॉलरला पाच. रबराच्या गावात राहून त्यांनी रबराचा हट्ट सोडला, हीच क्रीम यांची खरी कर्तबगारी म्हणावी लागेल.

शिजवण्याची ती रीत मूळ रूपात आजही तीच आहे. पीव्हीसीची बारीक पूड मऊ करणाऱ्या द्रवात कालवली की दुधासारखे मिश्रण होते. त्याला प्लॅस्टिसॉल म्हणतात. साधारण १७० ते १८० अंश सेल्सिअसला ते पारदर्शक आणि पाकासारखे दाट होते. त्यात रंग, चमकी, वास घालून साच्यात ओतले की गार होताना ते थुलथुलीत गोळ्यासारखे जमते. मऊ करणारा द्रव जास्त घातला तर गांडूळ अधिक लवलवते पण लवकर फाटते, कमी घातला तर टिकते पण पाण्यात मरगळते. पुढच्या सत्तर वर्षांत जी हजारो गांडुळे बाजारात आली ती याच ताणाताणीतून.

सुरुवातीची गांडुळे गळासकट विकत. अंगातून दोरी ओवलेली, तिला दोन-तीन उघडे गळ, पुढे मणी आणि छोटा पंखा. ओहायोच्या मोकळ्या तळ्यांत हे चालून गेले. टेक्सासमध्ये चालले नाही, आणि तेथेच या आमिषाचे नशीब पालटले.

महामंदीनंतर अमेरिकेच्या दक्षिणेत धरणांची लाट आली. १९३३ साली टेनेसी खोरे प्राधिकरण स्थापन झाले, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर टेक्सास, लुइझियाना, अलाबामा या राज्यांत एकामागून एक जलाशय भरत गेले. पूर्व टेक्सासमध्ये अँजेलिना नदीवरचे सॅम रेबर्न सरोवर १९६५ पासून भरू लागले. टेक्सास-लुइझियानाच्या सीमेवर सबाईन नदी अडवून झालेले टोलेडो बेंड त्याहूनही मोठे, सुमारे ७५० चौरस किलोमीटरचे. जंगल पुरते न तोडताच पाणी चढवले गेले, त्यामुळे या जलाशयांत मैलोन्‌मैल उभी झाडे बुडाली. बाससाठी यापेक्षा उत्तम घर नव्हते. गरवणाऱ्यासाठी मात्र प्रत्येक फेक म्हणजे फांदीत अडकलेला गळ आणि तुटलेला तंगूस.

पूर्व टेक्सासमधल्या गरवणाऱ्यांनी यावर जी तोड काढली तिला टेक्सास रिग म्हणतात. तंगुसात आधी बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे, आरपार भोकाचे शिसे ओवायचे आणि मग गळ बांधायचा. गळाचे टोक गांडुळाच्या डोक्यात सरळ घालून सुमारे अर्ध्या सेंटिमीटरवर बाहेर काढायचे. गांडूळ दांडीवरून नेढ्यापर्यंत सरकवायचे, गळ अर्धा फिरवायचा आणि टोक पुन्हा गांडुळाच्या अंगात रुतवायचे. टोक आत झाकले गेले की फांदीला धरायला काहीच उरत नाही. निमुळते शिसे वाट काढत पुढे जाते, मागोमाग गांडूळ घसरत येते. मासा चावला आणि काठीला जोराचा हिसका दिला की मऊ प्लॅस्टिक फाडून टोक जबड्यात शिरते. कठीण आमिषाला हे जमणे शक्यच नव्हते. गांडुळाचा मऊपणा माशाला फसवण्यासाठी जितका कामी आला, तितकाच गळ लपवण्यासाठीही. आणि दुसरा उपयोग पहिल्यापेक्षा मोठा ठरला.

या जोडणीत एकच गोष्ट अजिबात चुकवून चालत नाही. गांडूळ गळावर सुतात सरळ बसले पाहिजे. टोक रुतवण्याची जागा दोन-तीन मिलिमीटर चुकली तरी गांडूळ वाकते, ओढताना गरगर फिरते आणि तंगुसाला पीळ पडतो. फिरणाऱ्या गांडुळाकडे बास सहसा ढुंकून पाहत नाही. म्हणून जाणकार गांडूळ गळाशेजारी धरून टोक कुठे यायला हवे ते आधी नखाने खुणावतात. डोके खाली घसरू नये म्हणून पुढे नेढ्याजवळ दुहेरी कोन दिलेले गळ निघाले, आणि जाड अंगाच्या आमिषांसाठी रुंद पोटाचे. दाट झुडपात शिसे गांडुळापासून दूर सरकू नये म्हणून भोकात दात कोरायची काडी खोचून ते जागीच पक्के करण्याची युक्तीही याच काळातली.

क्रीम यांनी आपला कारखानाही टेक्सासमधल्या टायलरला हलवला. १९६०च्या दशकात दक्षिणेतले इतर कारागीर पुढे आले. अलाबामातल्या युफॉला येथील टॉम मान यांनी फळांच्या वासाची ‘जेली वर्म’ गांडुळे काढली. स्ट्रॉबेरी, द्राक्ष, ब्लॅकबेरी अशा नावांनी ती विकली जात. माशाला स्ट्रॉबेरीचे काय अप्रूप, असा प्रश्न रास्त आहे. पण प्लॅस्टिकचा उग्र वास त्याने झाकला जाई, आणि गिऱ्हाइकाला पाकीट उघडताना बरे वाटे. मान यांनी स्ट्रॉबेरी जेली वर्मवर पकडलेला ‘लीरॉय ब्राउन’ नावाचा बास त्यांच्या काचेच्या टाकीत अनेक वर्षे जगला. १९८० साली तो मेला तेव्हा त्याचा रीतसर दफनविधी झाला आणि स्मारकशिळा उभारली गेली. आमिष विकणाऱ्याचे एका माशावर इतके प्रेम असावे, यात त्या प्रदेशातल्या बासच्या वेडाची खोली कळते.

हे वेड देशभर नेले स्पर्धांनी. विम्याचे काम करणारे रे स्कॉट यांनी जून १९६७ मध्ये आर्कान्सातल्या बीव्हर सरोवरावर मोठी स्पर्धा भरवली; १०६ जण उतरले. पुढच्या वर्षी त्यांची बास गरवणाऱ्यांची संघटना उभी राहिली, आणि १९७१ पासून ‘क्लासिक’ ही वार्षिक अंतिम स्पर्धा सुरू झाली. तोवर गांडुळाच्या जोडण्या ही गावोगावची गुपिते होती. स्पर्धेत जिंकणाऱ्याला आपली रीत सांगावी लागे, मासिके ती छापत, आणि पुढच्या हंगामात हजारो लोक तेच करत. टेनेसीचे बिल डान्स यांच्यासारख्या पहिल्या पिढीच्या स्पर्धकांनी गांडुळाला प्रतिष्ठा मिळवून दिली. मासा पकडून जिवंत परत सोडण्याची प्रथाही याच स्पर्धांतून १९७२ पासून रुजली.

सगळे जलाशय मात्र बुडालेल्या जंगलाचे नव्हते. मोकळ्या, खोल तळाच्या पाण्यात बास विखुरलेले असतात. तेथे लपवाछपवीपेक्षा भरभर शोध घेणे महत्त्वाचे. त्यासाठी कॅरोलायना रिग. जड शिसे, त्यामागे मणी, मग फिरकी कडी, आणि तिच्यापुढे दोन ते चार फुटांचा तंगूस सोडून गळ. शिसे तळ खरवडत गाळ उडवते, मणी टकटक वाजतो, आणि गांडूळ मागून हलकेच तरंगत येते. अलाबामाचे जॅक चान्सलर यांनी १९८५ सालची क्लासिक स्पर्धा आर्कान्सा नदीवर याच तत्त्वाने जिंकली. त्यांचे गांडूळ आखूड, सरळ आणि शेपटीचा कसलाही नखरा नसलेले होते, नावच ‘डू-नथिंग’.

शेपटीचा नखरा तोवर चांगलाच फोफावला होता. लुइझियानातल्या मिंडन येथील मिस्टर ट्विस्टर कंपनीने १९७०च्या दशकात कोयरीसारखी वळलेली पातळ शेपटी लोकप्रिय केली. अगदी हळू ओढली तरी ती थरथरते. लांब फितीसारख्या शेपटीची गांडुळे त्यातूनच पुढे आली. निवडीचे आजचे नियम या काळातच पक्के झाले. कोमट आणि गढूळ पाण्यात मोठे, फितीच्या शेपटीचे, काळ्या किंवा जांभळ्या रंगाचे गांडूळ, कारण माशाला ते जाणवले पाहिजे. थंड आणि नितळ पाण्यात चार ते सहा इंचांचे, सरळ, हिरवट पारदर्शक, कारण तेथे मासा निरखून पाहतो. शिसे खोली, वारा आणि झुडपाची दाटी पाहून ठरते, आणि जमेल तितके हलके ठेवणे नेहमीच श्रेयस्कर. रंगांच्या शेकडो छटांवर गरवणारे तासन्‌तास वाद घालतात, पण उजळ की गडद एवढा निर्णय बरोबर आला की उरलेला फरक थोडाच राहतो.

मिठाची गोष्ट वेगळी. ओक्लाहोमाच्या जीन लॅरू कंपनीने प्लॅस्टिकमध्येच मीठ मिसळण्याचे पेटंट घेतले. खारट चवीमुळे मासा आमिष जास्त वेळ धरतो असा त्यामागचा विचार होता. मिठाचा दुसरा गुण गॅरी यामामोतो यांच्या ‘सेन्को’ने दाखवला. १९९०च्या दशकाच्या मध्यावर आलेले हे आमिष म्हणजे पेनाएवढी साधी, मिठाने जड केलेली कांडी. शिसे न लावता पाण्यात सोडली की ती आडवी राहूनच खाली उतरते आणि उतरताना दोन्ही टोके झुलवते. गळ बरोबर मध्यावर आडवा टोचला की हा झोका अधिक वाढतो. या जोडणीला वॅकी रिग म्हणतात. मिठाने प्लॅस्टिक कमजोर होते, एक-दोन माशांतच सेन्को फाटते, म्हणून मध्यावर रबरी कडे चढवून गळ त्याखालून घालण्याची पद्धत पडली.

नंतरचा मोठा बदल जपानमधून आला. अकाबोशी तेत्सुमा यांनी १९२५ साली अमेरिकेतून आणलेले बास हाकोनेजवळच्या आशी सरोवरात सोडले होते. तेथून ते देशभर पसरले. जपानचे जलाशय लहान, गरवणारे अफाट, आणि मासे आमिष ओळखण्यात तरबेज. त्यामुळे तेथे बारीक तंगूस, नाजूक गळ आणि तीन-चार इंचांची गांडुळे यांचे शास्त्रच तयार झाले. ड्रॉप शॉट जोडणीत शिसे तंगुसाच्या शेवटी असते आणि गळ त्याच्या फूट-दीड फूट वर. शिसे तळावर स्थिर ठेवून गांडूळ जागच्या जागी थरथरवता येते. १९९०च्या दशकाच्या अखेरीस ही रीत कॅलिफोर्नियात रुजली आणि अमेरिकेतल्या नितळ जलाशयांवर तिने राज्य केले. २००९ साली जपानच्याच बिवा सरोवरात कुरिता मानाबू यांनी जॉर्जियातल्या १९३२ सालच्या २२ पौंड ४ औंसांच्या विश्वविक्रमाशी बरोबरी करणारा बास पकडला, मात्र जिवंत आमिषावर. त्याच बिवात स्थानिक माशांचा फडशा पाडणारा हा परका मासा पकडल्यावर पुन्हा पाण्यात सोडायला मनाई आहे. ती मनाई योग्यच आहे.

या आमिषाची किंमत पाण्यालाही मोजावी लागते. गळावरून निसटलेली गांडुळे कुजत नाहीत; मासे ती तळावरून उचलतात आणि पोटात ती फुगतात. शिशाच्या गोळ्या गिळून लून पक्षी विषबाधेने मरत असल्याचे दिसल्यावर न्यू हॅम्पशायरने २००० साली छोट्या शिशावर बंदी आणली, आणि टंगस्टनची वजने रूढ होत गेली. मेन राज्यात २०१३ साली मऊ आमिषांवरच बंदी घालण्याचे विधेयक आले होते. फाटलेले प्लॅस्टिसॉल पुन्हा वितळवून साच्यात ओतता येते, फक्त ते जास्त तापले तर अ‍ॅसिडची वाफ सुटते, म्हणून हे काम उघड्यावर करावे लागते. बाद झालेले गांडूळ पाण्यात न टाकता पिशवीत घालून किनाऱ्यावर आणणे, एवढे तर प्रत्येक गरवणाऱ्याने करायलाच हवे.