लाख, दाब आणि वीज



पळस, कुसुम आणि बोरीच्या फांद्यांवरची लाख आपल्या गोंदिया जिल्ह्याला नवी नाही. गोंदिया हे नावच गोंदाच्या व्यापारावरून पडलं, असं सांगतात. बांगड्यांखेरीज लाखेला दोन मोठी गिऱ्हाइकं होती. एक ग्रामोफोनची तबकडी. लाखेचं गरम मिश्रण साच्यात दाबून ती बनायची. दुसरं विजेची यंत्रं. लाखेतून वीज जात नाही, म्हणून तारांच्या गुंडाळ्यांवर तिचं रोगण चढवायचे.

लाख, राळ, मेण यांचा पाया कार्बन. रसायनशास्त्रात अशा पदार्थांना सेंद्रिय म्हणतात. इथे खताचा अर्थ धरू नका. सेंद्रिय पदार्थ विजेला अडवतात, असाच सर्वसाधारण समज होता. 1950 च्या दशकात जपानमध्ये हिदेओ आकामात्सू आणि हिरोओ इनोकुची यांनी काही सेंद्रिय पदार्थ थोडीफार वीज वाहून नेतात, हे दाखवलं. हेच सेंद्रिय अर्धवाहक. इनोकुचींनी ते प्रचंड दाबाखाली ठेवले, तेव्हा विजेला होणारा अडथळा कमी झाला.

असं का होतं? रोवणीच्या वेळी आपण पऱ्ह्यांच्या पेंढ्या हातोहात देतो. बाया लांब उभ्या असल्या तर पेंढी फेकावी लागते. जवळ आल्या की ती सहज पुढे जाते. या पदार्थांचे रेणू एकमेकांना सैलच धरून असतात. दाबाने ते जवळ येतात आणि विजेचे कण एका रेणूवरून दुसऱ्यावर सहज जातात.

1980 मध्ये याची कमाल दिसली. डेन्मार्कचे क्लाउस बेखगार्ड यांनी बनवलेलं सेंद्रिय स्फटिक फ्रान्समध्ये देनी जेरोम यांच्या गटाने हवेच्या सुमारे 12 हजार पट दाबाखाली आणि उणे 272 अंशांच्या आसपास नेलं. तेव्हा विजेला अडथळाच उरला नाही!

लाख मात्र दाबूनही वीज वाहत नाही. पुढे तबकड्या प्लास्टिकच्या झाल्या, रोगणं कृत्रिम आली आणि लाखेची मागणी घसरली. पण 2013 मध्ये ऑस्ट्रियातल्या लिंझच्या संशोधकांनी लाखेच्या पातळ थरावर सेंद्रिय अर्धवाहकांचे ट्रान्झिस्टर बनवले. तिथे लाखेचं वीज अडवणंच कामी आलं. याने उद्या भाव वाढेल, असं आम्ही म्हणत नाही. पण फांदीवरची लाख खरडून विकताना तिचे गुण आपल्याला ठाऊक असावेत, एवढं आम्हाला नक्की वाटतं.