चोवीस तास रक्तदाब मापन

चोवीस तास रक्तदाब मापन (ॲम्ब्युलेटरी रक्तदाब मापन) ही व्यक्तीचे नेहमीचे व्यवहार चालू असताना ठरावीक अंतराने रक्तदाब नोंदवण्याची वैद्यकीय तपासणी आहे. उच्च रक्तदाबाचे निदान पक्के करण्यासाठी आणि औषधांचा परिणाम दिवसरात्र टिकतो का हे पाहण्यासाठी ती करतात.

इतिहास

१९६० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्को येथील हृदयरोगतज्ज्ञ मॉरिस सोकोलो व सहकाऱ्यांनी सोबत बाळगता येणारे यंत्र वापरले. त्याचा पट्टा रुग्णाला स्वतः फुगवावा लागे. पुढे स्वयंचलित यंत्रे आली. २०११ साली ब्रिटनमधील 'नाइस' या संस्थेने निदान पक्के करण्यासाठी या तपासणीची शिफारस केली.

कार्यपद्धती

दंडाला पट्टा बांधून त्याला जोडलेले लहान यंत्र कमरेला लावतात. दिवसा दर १५ ते ३० मिनिटांनी आणि रात्री दर ३० ते ६० मिनिटांनी नोंद होते. पट्टा फुगताना हात स्थिर ठेवावा लागतो. झोपेची, कामाची व औषधाची वेळ रुग्ण वहीत लिहितो. साधारणतः ७० टक्के नोंदी यशस्वी झाल्यास तपासणी ग्राह्य धरतात.

निदानाचे निकष

पुढील सरासरी किंवा त्याहून अधिक रक्तदाब उच्च मानला जातो (मिलिमीटर पारा) :
* २४ तास : १३०/८०
* जागेपणी : १३५/८५
* झोपेत : १२०/७०

काहींचा रक्तदाब केवळ दवाखान्यात वाढतो. अशांना अनावश्यक औषधे दिली जाण्याचा संभव असतो. याउलट, दवाखान्यात प्राकृत पण एरवी वाढलेला छुपा उच्च रक्तदाब निदानातून निसटतो. झोपेत रक्तदाब साधारणतः १० ते २० टक्क्यांनी उतरतो. तो न उतरल्यास पक्षाघात व हृदयविकाराचा धोका अधिक असतो. मूत्रपिंडाचे विकार, मधुमेह, झोपेतील श्वासरोध आणि मिठाचे अतिसेवन यांत असे आढळते.

रायगड किनारपट्टीच्या संदर्भात

उरण, अलिबाग, मुरूड व श्रीवर्धन तालुक्यांतील मासेमारी भरती-ओहोटीवर अवलंबून असते. अनेक मच्छीमार रात्री समुद्रात असतात. थळ येथील खत कारखान्यासारख्या उद्योगांत रात्रपाळी असते. अशा व्यक्तींच्या बाबतीत घड्याळातील रात्र म्हणजे झोपेची वेळ नव्हे. यंत्रातील ठरावीक रात्रीच्या तासांवरून सरासरी काढल्यास कामाच्या वेळचा रक्तदाब झोपेतील समजला जातो आणि निष्कर्ष चुकतो. म्हणून वहीतील प्रत्यक्ष झोपेच्या वेळेनुसार नोंदींची विभागणी आवश्यक ठरते. तपासणी नेहमीच्या कामाच्या दिवशी करणे अपेक्षित असते. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळातील नोंदी हंगामातील दिनक्रमाचे चित्र देतीलच असे नाही. सुकी मासळी, लोणची व पापड यांतून पोटात जाणारे मीठही विचारात घ्यावे लागते.

मर्यादा

पट्टा फुगण्याने झोपमोड होऊ शकते. हृदयाचे ठोके अनियमित असल्यास नोंदी कमी विश्वसनीय ठरतात. यंत्र उपलब्ध नसल्यास घरी सलग काही दिवस सकाळ-संध्याकाळ रक्तदाब मोजणे हा पर्याय आहे. मात्र साध्या घरगुती यंत्राने झोपेतील रक्तदाब कळत नाही.